वायडब्ल्यूसीएची स्थापना नक्की कधीची?

प्रश्न: वायडब्ल्यूसीए (यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या स्त्रियांच्या संघटनेच्या इतिहासावर टिपण लिहायचे आहे. स्थापनेचे साल कुठे १८५५ मिळते, कुठे १८७७, कुठे १८९४. भारतासाठीही १८७५ आणि १८९६ अशी दोन साले. कोणते धरू? आणि हिला वायएमसीएची (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची) महिला शाखा म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद १: साले सगळीच बरोबर, पण प्रत्येक साल वेगळ्या गोष्टीचे. १८५५ मध्ये दोन कामे स्वतंत्रपणे सुरू झाली. एमा रॉबर्ट्स यांनी लंडनजवळच्या बार्नेटला मैत्रिणींचे प्रार्थना मंडळ काढले. लेडी मेरी जेन किनेर्ड यांनी लंडनमध्ये वसतिगृह उघडले. क्रिमियाच्या युद्धावर निघालेल्या परिचारिकांची तिथे सोय होई. १८७७ ला दोन्ही कामे एकत्र आली. जागतिक संघटना १८९४ ची: ब्रिटन, अमेरिका, नॉर्वे आणि स्वीडन मिळून. म्हणून ‘१८९४ मध्ये वायडब्ल्यूसीए स्थापन झाली’ असे लिहू नका. त्या वाक्यात ‘जागतिक’ हा शब्द हवाच. पहिली जागतिक परिषद १८९८ ला लंडनमध्ये भरली. मुख्यालयही आधी तिथेच होते, १९३० मध्ये जिनिव्हाला गेले. जुन्या कागदांवर लंडनचा पत्ता दिसला तर ती चूक समजू नये.

प्रतिसाद २: भारताचेही तसेच. १८७५ म्हणजे मुंबईतली सुरुवात, १८९६ म्हणजे राष्ट्रीय संघटना. अमेरिकेत आणखी गुंता आहे: न्यूयॉर्कचा गट १८५८ चा, पण हे नाव आधी घेतले ते बॉस्टनने, १८६६ मध्ये.

‘महिला शाखा’ मात्र नको. वायएमसीए १८४४ ची, नावाचा साचाही तोच. पण वायडब्ल्यूसीएचा कारभार पहिल्यापासून बायकांच्याच हातात, जागतिक संघटनाही वेगळी.

प्रतिसाद ३: एक खड्डा सांभाळा. पंडिता रमाबाईंचा संबंध जोडायचा मोह होईल. १८८६ ते १८८८ या अमेरिकेतल्या मुक्कामात फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला खरा, पण विलर्डबाईंची संघटना म्हणजे डब्ल्यूसीटीयू (विमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन), दारूबंदीसाठी १८७४ मध्ये क्लीव्हलँडला निघालेली. पांढरी फीत ही तिची खूण. आद्याक्षरे जवळजवळ सारखी, म्हणून घोटाळा होतो. न्यूझीलंडमध्ये १८९३ ला स्त्रियांना मताधिकार मिळाला, त्या लढ्यातल्या केट शेपर्डही डब्ल्यूसीटीयूच्याच.

प्रश्नकर्ती: मग ‘१८५५ सुरुवात, १८७७ एकत्रीकरण, १८९४ जागतिक संघटना’ असेच लिहिते. रमाबाईंचा परिच्छेद काढला.