मासिकांतल्या विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि कोकणातलं वाचन : तुमचे अनुभव लिहा

सुरंगी (गुहागर)
घर शाकारायला माणसं यायची म्हणून पोटमाळा रिकामा केला. आंब्याच्या पेटीत 'नवल', 'धनंजय' आणि 'चांदोबा'चा गठ्ठा निघाला. कसरीने कडा खाल्ल्यात, पण अक्षरं शाबूत. आमच्याकडे दिवाळी अंक यायचा शिमग्याला, चाकरमान्यांबरोबर. तोवर मुंबईत तो रद्दीला लागलेला असायचा, आमच्यासाठी मात्र कोरा. एका गोष्टीत समुद्र ओहोटीला आत जातो तो परत येतच नाही. होड्या चिखलात रुतलेल्या, गावातली माणसं पाणी शोधत चालत निघतात. शेवटचं पान फाटलेलं! तेव्हा रात्री अंथरुणात गाज ऐकू आली की मला हायसं वाटायचं. तुम्ही काय वाचलंत, कुठे, कसं? सगळं लिहा.

खाडीकाठ
क्रमशः!!! या शब्दाने आमचं बालपण खाल्लं. अंक एसटीने यायचे, पावसात घाट बंद झाला की मधलाच हप्ता गायब. दादा तो हप्ता स्वतः रचून सांगायचा, तोही वीज गेल्यावर. त्याचं यान नेहमी आमच्याच कातळावर उतरायचं. पुढे कॉलेजात असताना खरा अंक हाती लागला. दादाचा भाग कितीतरी सरस होता, हे त्याला फोन करून सांगितलं.

आठळी
रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं. तिथे बसून वाचलेल्या विज्ञानकथांनी मला भौतिकशास्त्राकडे नेलं, हे मी अगदी मनापासून लिहितेय. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो हे मला आधी गोष्टीत कळलं, समीकरणं नंतर आली. जयंत विष्णू नारळीकर सरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ नवख्यांच्या रांगेत उभा राहतो, याचं मला आजही अप्रूप आहे. ते २० मे २०२५ ला गेले तेव्हा शाळेतल्या मुलांना हीच हकिगत सांगितली.

माजघर
वाचतेय सगळं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

वेंगुर्लेकर
चांदोबातलो वेताळ बघून माका लय भ्या वाटायचा. ता चित्र शंकर नावाच्या चित्रकाराचा, विक्रम राजाच्या खांद्यार प्रेत नि हातात तलवार. आजी म्हणायची, "आपलो वेतोबा तसो नाय रे, तो गावाची राखण करता." आरवलीक देवळात नेऊन त्याच्या पुढ्यातली ती मोठमोठी चामड्याची पायताणां दाखवल्यान. रातचो फिरता म्हणान झिजतत, लोक नवी वाहतत. माका पटला. मग वेताळाची गोष्ट वाचताना पयलो बघायचंय, ह्याच्या पायात काय आसा!

खाडीकाठ
@वेंगुर्लेकर 😄 आता मीही बघणार.

सड्यावरची
विषय थोडा वेगळा. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण. खग्रासचा पट्टा खाली अंकोल्यावरून गेला, आमच्या सावंतवाडीला खंडग्रासच. तरी घरं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. आईने पाण्यात तुळशीपत्र घातलेलं आणि मी दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात परग्रहावरची गोष्ट वाचत होते. त्या फटीतून जमिनीवर सूर्याच्या चंद्रकोरी पडल्या होत्या! मासिकात वाचलेलं डोळ्यांसमोर घडत होतं. आईला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ उकिडवी बसून बघत राहिली.

आठळी
@सड्यावरची काटा आला. बारीक फट म्हणजे सूचिछिद्र कॅमेराच तो, बारीक भोकातून सूर्याचं चित्र पाडणारा.

माजघर
आले. सुरंगी, आधी त्या अंकांचं बघ. एक दिवस सावलीत, वाऱ्यावर पसर, कडक उन्हात नको, पानं मोडतात. मग वेखंडाच्या पुरचुंड्या ठेव. डांबरगोळ्यांचा वास जन्मभर जात नाही. आणि पेटी जमिनीवर नको, वाळवी.

सुरंगी
वेखंड आहे घरात. आजच करते. कापडात बांधू की प्लास्टिकमध्ये?

माजघर
सुती कापड. प्लास्टिकमध्ये घाम धरतो, आपल्याकडची हवा माहीत आहे ना.

वेंगुर्लेकर
आता परत ग्रहण कधी?

आठळी
२ ऑगस्ट २०२७, आपल्याकडे खंडग्रास, दुपार उलटल्यावर.

सड्यावरची
ऑगस्टात? ढग हटतील तर दिसणार! घाटापलीकडे कोणाचं घर आहे का, चार माणसं राहतील असं?