आणेवारी की पैसेवारी? आणि तहकुबीला सूट म्हणावं का?

दौतटाक: गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या १९१८ च्या सारावसुलीचे इंग्रजी कागद मराठीत आणतेय. पीक चार आण्यांच्या आत असल्याचा उल्लेख आला तिथे मी ‘आणेवारी चारच्या आत’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘पैसेवारी’ केलं. कारण दिलं की आणेवारी म्हणजे जमिनीतला हिस्सा. शिवाय सस्पेन्शन आणि रेमिशन या दोन्हींना त्यांनी ‘सूट’ हा एकच शब्द लावलाय. काय ठेवू?

दप्तरखाना: पैसेवारी, म्हणजे रुपयाच्या शंभर पैशांत मांडलेला पिकाचा अंदाज, नकोच. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. १९१८ च्या मामलेदाराच्या तोंडी तो शब्द घालू नका. तेव्हाचा हिशोब: १ रुपया = १६ आणे = ६४ पैसे = १९२ पै. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, चार आणे म्हणजे पाव. घाईत ‘चार पैसे पीक’ लिहिलंत तर जुन्या पैशांत तो एकच आणा होतो. खेड्याच्या सत्याग्रहात सरकार आणि रयत यांचं भांडण तर नेमकं याच आकड्यावर होतं. चार आणे किंवा त्याहून कमी पीक असेल तर त्या वर्षाचा सारा पूर्ण तहकूब व्हायला हवा होता. सरकारी अंदाज चारच्या वर, रयतेचा चारच्या खाली.

गटवारी: तपासणाऱ्यांचं अगदीच चुकलेलं नाही हो. वाटणीच्या कागदात आणेवारी म्हणजे हिस्साच. तिघा भावांच्या सामाईक जमिनीत प्रत्येकी ५ आणे ४ पै, म्हणजे १९२ पैकी ६४ पै. जुन्या सातबाऱ्यावर असे आकडे भेटतात. दशमानात तिघांना ३३-३३ पैसे दिले की एक पैसा उरतो आणि तो कोणाच्या नावावर, यावरून तंटा. आणे-पैत काही उरत नाही. सात भाऊ असले तर मात्र पैही पुरत नाही.

माळरान: तिसरा अर्थ राहिला: मोजणी खात्याच्या प्रतबंदीतले, म्हणजे जमिनीचा कस ठरवतानाचे आणे. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पद्धतीत शेताच्या नकाशावर सारखे भाग पाडत, प्रत्येक भागात मातीची खोली पाहत. पावणेदोन हात खोल चांगली काळी असली की १६ आणे. मग १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ आणि शेवटी २, अशा नऊ प्रती. वाळूची भेसळ, उतार, असा एकेक दोष सापडला की प्रत एकेक पायरी खाली. सगळ्या भागांची सरासरी तो ‘भागाण्णा’. तेव्हा प्रतबंदीत ‘आठ आण्यांची जमीन’ म्हणजे निम्मं पीकही नव्हे आणि निम्मा हिस्साही नव्हे. तिचा आकार, म्हणजे ठरलेला सारा, पहिल्या प्रतीच्या निम्मा. जमाबंदी, म्हणजे साऱ्याची ही आकारणी, तीस वर्षांची, त्यामुळे हा आकडा हंगामागणिक हलत नसे. पिकाची आणेवारी दर हंगामाला नवी. कागदाचा मथळा आणि तारीख पाहूनच अर्थ लावा.

दप्तरखाना: दुसऱ्या शंकेबद्दल. तहकूब म्हणजे वसुली पुढे ढकलली. रक्कम थकबाकीत राहते आणि बऱ्या हंगामात चालू साऱ्याबरोबर मागितली जाते. सूट म्हणजे रक्कम कायमची गेली. जून १९१८ मध्ये ठरलं ते असं की ऐपतदार पाटीदारांनी (तिथल्या शेतकरी जातीने) सारा भरावा, गरिबांचा तहकूब होईल. त्याला ‘माफी मिळाली’ म्हटलं की इतिहासच उलटतो. आणखी एक खड्डा: त्याच कागदांत ‘चौथाई’ येईल. ती मराठ्यांची नव्हे, सारा वेळेत न भरणाऱ्यावर बसवलेला एक चतुर्थांश दंड.

निर्मळ: तहकूब, महसूल, जमाबंदी... मराठी वाचकासाठी लिहिताय ना? ‘स्थगित भूराजस्व’ लिहा.

गटवारी: ‘भूराजस्व’ कोणत्या तलाठ्याने उच्चारलंय? कारभाराची भाषा रयतेला कळत होती म्हणूनच ती साहेबाशी नियमावर बोट ठेवून भांडू शकली. १८९६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं फॅमिन कोडातले, म्हणजे सरकारच्या दुष्काळी नियमांतले हक्क गावोगाव समजावत होती. ती ‘स्थगित भूराजस्व’ म्हणत नव्हती.

निर्मळ: रुळलेलं म्हणजे आपलं, असं होत नाही. ‘तगाई’ बघा, अस्सल मराठी शब्द: शेतकऱ्याला तग धरण्यासाठी दिलेलं सरकारी कर्ज ती तगाई. तसे शब्द शोधले की सापडतात.

माळरान: तगाई अरबी आहे. उत्तरेत तिला तकावी म्हणतात. ‘कुव्वत’च्याच धातूतून आलेला शब्द, अर्थ बळ देणं. ‘तग’शी नातं नंतर जोडलेलं.

निर्मळ: उच्चार मराठीत बदलला, अर्थ ‘तग’शी जुळला, मग मराठी का नाही?

गटवारी: मग हाच न्याय तहकूबला लावा की!

दप्तरखाना: व्युत्पत्ती काहीही असो, दौतटाक, तगाई आली की जपून. १८८३ च्या कायद्याची तगाई विहीर, बांध अशा जमीन-सुधारणेसाठी, १८८४ ची बी-बियाणं आणि बैलांसाठी. दोन्हींची वसुली साऱ्याच्या थकबाकीसारखीच होई, जप्तीसकट. म्हणून कागदात ‘जप्ती’ दिसली की ती साऱ्यापायी की तगाईपायी, हे आधी पाहा.

निर्मळ: ‘जप्ती’ही अरबीच. तिला ‘अटकावणी’ चालेल का?