मदत हवी आहे: आतड्यातले जंतू गोळा करणारी कॅप्सूल, पेटंट ऑफिसचा एफईआर (पहिला तपासणी अहवाल) आलाय, उत्तर काय देऊ?

वैतागलो_आहे
लोकहो, पटकन मदत हवी. आमची एक कॅप्सूल आहे, गिळायची, ती आतड्यात जाऊन तिथले जंतू गोळा करते आणि आपली आपण बाहेर येते. पेटंट टाकलं होतं, आता एफईआर आलाय आणि एक्झामिनरने सगळेच्या सगळे क्लेम (कशाकशावर हक्क हवा ते सांगणारी कलमं) उडवलेत. म्हणे यात नवीन काही नाही. अहो, नवीन नाही कसं? लोक अजून शौचाचा नमुना तपासून लहान आतड्यात काय चाललंय त्याचा अंदाज बांधतायत! पुरावा म्हणून दोन जुने कागद जोडलेत, त्यातल्या एकात तर जंतू हा शब्दसुद्धा नाही. तारीख जवळ आलीये. एक्झामिनरला विषयच समजलेला नाही हे सभ्य भाषेत कसं लिहायचं? कोणाकडे असं उत्तर असेल तर नमुना टाका प्लीज.

क्लेमकाका
सभ्य भाषेत लिहा नाहीतर असभ्य, ते लिहायचंच नाही. आधी हे सांगा: अर्ज कुठल्या देशातला? क्लेम १ चे नेमके शब्द काय? डी१, डी२, म्हणजे एक्झामिनरने जोडलेले ते दोन जुने कागद, कुठले? प्रायॉरिटी तारीख, म्हणजे पहिला अर्ज टाकला ती? एफईआर कुठल्या तारखेचा? डॉक्टरला "दुखतंय" एवढंच सांगून फोन ठेवून दिल्यासारखं केलंय तुम्ही.

उंटावरचा_शहाणा
फॉर्म १८ए भरा ना, स्टार्टअपला एक्झामिनेशन लवकर मिळतं, आमचं फटाफट झालं होतं. आणि शिक्षणसंस्था असाल तर २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, ती सोडू नका.

क्लेमकाका
शहाणे, त्यांचं एक्झामिनेशन होऊन गेलंय, रिपोर्ट हातात आहे. आता १८ए भरून काय लवकर करायचंय, नापास?

वैतागलो_आहे
भारतातलाच अर्ज हो, आणि कुठला असणार. क्लेम १ मराठीत सांगायचा तर: आतड्यातील सूक्ष्मजीवांचा नमुना घेण्यासाठी गिळता येणारी कॅप्सूल, जिला जठराच्या आम्लात न विरघळणारं आवरण आहे, आत पोकळी आहे आणि द्रव आत ओढणारं साधन आहे. क्लेम ९ म्हणजे ती कॅप्सूल वापरून आतड्याच्या आजाराचं निदान करायची पद्धत. आक्षेप नॉव्हेल्टी (नवेपणा नाही), इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज सुचेल असं आहे), कलम ३(आय) (निदान-उपचाराच्या पद्धतीला पेटंट नाही), आणि वर "साधन म्हणजे काय ते स्पष्ट नाही". डी१ कधीचं असेल? १९५७! तेव्हा मायक्रोबायोम (आतड्यातल्या जंतूंचा सगळा गोतावळा) हा शब्द तरी होता का?

पेट्री_डिश
१९५७ म्हणजे क्रॉस्बी-कुगलर कॅप्सूल असणार. हसू नका त्याला. रुग्णाने गिळायची, तोंडातून बाहेर आलेली बारीक नळी, लहान आतड्यात पोचली की नळीतून हवा ओढायची, अस्तराचा तुकडा आत खेचला जातो आणि स्प्रिंगवरचं पातं तो कापतं. पोटातून रेडिओ सिग्नल पाठवणारी गोळीही त्याच वर्षीची आहे, आणि कॅमेऱ्याची गोळी २००१ पासून बाजारात. गिळून आतून काहीतरी आणायचं ही कल्पना म्हातारी झालीये. डी२ कुठलं?

वैतागलो_आहे
टफ्ट्स युनिव्हर्सिटीचा २०१९ चा पेपर, ऑस्मोसिसवाला (मिठाच्या जोरावर पडद्यातून पाणी ओढणारा). पण त्यांची थ्रीडी प्रिंटेड आहे, आमची मोल्ड केलेली!!

क्लेमकाका
मोल्ड केलेली असं क्लेममध्ये लिहिलंय का? नाही. आता शांतपणे क्लेम १ डी२ शेजारी ठेवून वाचा. आम्लाला दाद न देणारं आवरण? त्यात आहे. पोकळी? आहे. द्रव आत ओढणारं साधन? अर्धपार्य पडदा आणि मीठ, म्हणजे आहेच. सगळं एकाच कागदात सापडलं की नॉव्हेल्टी संपली. आणि डी१ मध्ये जंतू नाहीत हा मुद्दा पहिला लिहू नका, कारण "जंतूंचा नमुना घेण्यासाठी" यातल्या "साठी"ला वस्तूच्या क्लेममध्ये फारसं वजन नसतं, वस्तू काय आहे ते बघतात, तुम्ही ती कशाला वापरणार ते नाही. डी१ वरचं खरं उत्तर असं की त्याला नळी आहे आणि असलं आवरण नाही. ते दोन ओळींत होतं. अडचण डी२ ची आहे.

रानमांजर
लेखी उत्तरात काही राम नसतो. सरळ हिअरिंग मागा, कॅमेऱ्यासमोर मॉडेल धरून दाखवा, कंट्रोलरला (पेटंट ऑफिसात निकाल देणारा अधिकारी) दोन मिनिटांत पटतं. माझ्या एका पंपाचं तसंच झालं.

क्लेमकाका
तुमचा पंप एकदा पटला म्हणून सगळ्यांनी बोर्डावर जाऊनच गणित सोडवायचं का? हिअरिंग मिळेल, पण तिथे कंट्रोलर क्लेमचे शब्दच पुढे घेऊन बसणार, आणि नंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवसच मिळतात. आधी क्लेम नीट करून पाठवा, मग हिअरिंगला जा.

रानमांजर
बरं बाबा, तुमचंच खरं.

पेट्री_डिश
मला एक कळत नाहीये. लहान आतड्यात भरली, ठीक. पण तिथून पुढे ही मोठ्या आतड्यातून जाणार, आणि तिथे जंतू अक्षरशः कित्येक पटींनी जास्त. तोंड उघडंच राहिलं तर बाहेर येईपर्यंत लहान आतड्याचा नमुना कसला, मोठ्या आतड्याचं सूपच हाती येणार. शिवाय बाहेर यायला एखादा दिवस, कधी दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात आतले जंतू वाढत बसतात ते वेगळंच. २०२३ मध्ये नेचरमध्ये १५ निरोगी माणसांवरचं काम आलं होतं, त्या कॅप्सूलमध्ये घडी घातलेली पिशवी होती आणि तिच्या तोंडाला एकतर्फी झडप. तुमचं तोंड कशाने बंद होतं?

वैतागलो_आहे
ते आहेच की. भोकाशी जेलचा एक मणी आहे, पाणी लागलं की फुगतो आणि भोक बुजतं. मण्यावर पातळ थर दिलाय, तो विरघळायला जो वेळ लागतो तेवढ्यात नमुना भरून होतो. हे इतकं उघड आहे की क्लेममध्ये घातलंच नाही.

क्लेमकाका
देवा.

क्लेमकाका
अहो, शोध तोच आहे! कॅप्सूल डी२ कडे आहे, तुमच्याकडे त्याउपर जे आहे ते म्हणजे उशिरा फुगणारा मणी, आणि तेवढंच नेमकं घरी ठेवून आलात. दाखल केलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये (शोधाच्या सविस्तर वर्णनात) मणी आहे ना? कलम ५९ खाली नवीन मजकूर घुसवता येत नाही, क्लेम आहे त्याहून अरुंद करता येतो. पान आणि आकृती सांगा.

वैतागलो_आहे
पान ११, आकृती ४. रंगीत पाण्यात बुडवून बघितलं होतं, तोंड बुजल्यावर आत रंग गेला नाही, त्याचा तक्तापण आहे.

क्लेमकाका
झालं मग. मणी आणि त्यावरचा थर दोन्ही क्लेम १ मध्ये आणा, "साधन" काढून जे खरं आहे ते लिहा. इन्व्हेंटिव्ह स्टेपला हेच सांगायचं की डी२ मध्ये उशिरा बंद होणारं तोंड नाही, डी१ मध्येही नाही, दोन्ही एकत्र करूनही पुढच्या आतड्यातली भेसळ थांबत नाही, आणि तुमचा तक्ता दाखवतो की इथे थांबते. डी२ मध्ये तोंड बंद करायची काही सोय दिलीये का ते मात्र पेपर शेवटपर्यंत वाचून स्वतः बघा, माझ्या भरवशावर राहू नका.

उंटावरचा_शहाणा
जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घेतलीत का? जंतू आले म्हणजे ती लागते. आणि सीडीएससीओचा (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचा) उपकरणाचा क्लास पण ठरवून घ्या.

पेट्री_डिश
पेटंट कॅप्सूलवर आहे हो, जंतूंवर नाही. आणि सीडीएससीओचा संबंध उपकरण विकायला काढाल तेव्हा, तो २०१७ च्या नियमांचा विषय, एक्झामिनर ते विचारत नाही.

रानमांजर
आणि क्लेम ९ चं काय? "इन व्हिट्रो" (शरीराबाहेर केलेली) असा शब्द टाका, ३(आय) सुटतं.

क्लेमकाका
नुसता शब्द चिकटवून सुटत नाही. मद्रास हायकोर्टाने २०२३ मध्ये गर्भाच्या डीएनए चाचणीच्या प्रकरणात इन व्हिट्रो तेवढं ३(आय)च्या बाहेर आणि इन व्हिवो (शरीरात केलेलं) तेवढं त्याच्या आत अशी रेघ मान्य केली नाही, ती पद्धत स्वतः आजार ओळखते का ते बघितलं. यांचा क्लेम तर उघड "निदान" म्हणतोय. सोडून द्या, कॅप्सूल मिळाली तरी पुष्कळ झालं. युरोपात जाणार असाल तर शरीरावरच्या निदानाचं तिथेही असंच अडतं.

पोटोबा
मला कायम गॅसेस होतात. ही कॅप्सूल कुठे मिळेल? किती दिवस घ्यायची?

पेट्री_डिश
घ्यायची नसते हो, ती आपल्याकडून घेऊन जाते.

वैतागलो_आहे
अजून एक. प्रोव्हिजनल (सुरुवातीचा तात्पुरता अर्ज) टाकायच्या ४ महिने आधी माझ्या सहकाऱ्याने एका परिषदेत पोस्टर लावलं होतं. त्याने काही फरक पडत नाही ना?

रानमांजर
संपलं सगळं. नॉव्हेल्टी तुम्हीच मारलीत.

क्लेमकाका
थांबा, लगेच तेरावं घालू नका. कलम ३१ आहे, विद्वत्सभेत शोधकर्त्याने वाचलेल्या किंवा त्याच्या संमतीने सभेच्या कार्यवृत्तात छापलेल्या निबंधाला १२ महिने सांभाळून घेतात. आता भिंतीवरचं पोस्टर म्हणजे "वाचलेला निबंध" का, यावर भांडता येईल. अमेरिकेत १ वर्षाची सूट आहे, युरोपात असली काही सूट नाही. पण मुळात पोस्टरवर मणी होता का? नसेल तर निदान मण्याला धक्का नाही. आणि एजंट नेमलाय की नाही तुम्ही?

वैतागलो_आहे
एजंट आहे की. त्यानेच महिन्याभरापूर्वी विचारलं होतं की तोंड कसं बंद होतं. मला वाटलं उगाच वेळ काढतोय.

क्लेमकाका
...मुदत किती राहिलीये?

वैतागलो_आहे
सहा महिन्यांतले ९ दिवस. पोस्टरची पीडीएफ सापडली आत्ता. कॅप्सूलची बाह्यरेषा, एक बार चार्ट आणि खाली एक ओळ, "तोंड आपोआप बंद होते". मणी नाही, थर नाही.

क्लेमकाका
ती पीडीएफ आजच एजंटला पाठवा, लपवू नका. बंद होतं एवढं सांगितलंय, कशाने ते नाही, त्यामुळे मणी आणि थर दोन्ही क्लेममध्ये हवेतच, एक गाळून चालणार नाही. आणि मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा फॉर्म ४ टाका, आणखी ३ महिने मिळतात.

वैतागलो_आहे
फोन केला. एजंट म्हणाला मण्याचा क्लेम त्याने तेव्हाच लिहून ठेवलाय, फक्त माझ्या होकाराची वाट बघत होता.

पोटोबा
मग गॅसेससाठी काय घेऊ?