नाताळच्या जेवणाला वाइन कोणती? (सोरपोतेल, इंदियाल, सुरमई)

फुगेवाली:
नाताळला दुपारी बारा जणांचं जेवण आहे, त्यातले आठ जण वाइन घेणारे. बेत पक्का वसईचा: सुरुवातीला रव्यातली तळलेली सुरमई, मग सोरपोतेल (डुकराचं मांस-काळीज व्हिनेगरमध्ये मुरवलेलं कालवण), डुकराचं इंदियाल (व्हिनेगरचंच तिखट कालवण), बॉटल मसाल्यातली (वसईकडचा बाटलीत भरून ठेवायचा मिश्र मसाला) कोंबडीची खुडी, सोबत फुगे (तळलेले गोल पाव). शेवटी बिबिंका (थरांचा गोड केक) आणि प्लम केक. दुकानदार म्हणतो, सगळं मटण-डुक्कर आहे, शिराझच्या (लाल वाइन) चार बाटल्या न्या. मला ते पटत नाहीये. नाशिक-सोलापूरकडच्याच वाइन घ्यायच्या आहेत. कोणत्या, किती, आणि किती गार करायच्या?

बूच_उघडा:
ताई, शंका बरोबर आहे तुमची. मटणाला लाल आणि माशाला पांढरी हा नियम कमी मसाल्याच्या जेवणाचा. आपल्याकडे मांस कसलं आहे हे नंतर बघायचं, आधी रस्सा बघायचा. तुमच्या ताटात दोन गोष्टी वरचढ आहेत, व्हिनेगर आणि तिखट.

व्हिनेगरचं असं की पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पाणचट लागते. सोरपोतेल तर दोन-तीन दिवस मुरलेलं असतं, म्हणजे आंबटपणा पार आत गेलेला. तिथे चांगली आम्लता असलेलीच वाइन टिकते. तिखटाचं गणित वेगळं. अल्कोहोल जास्त असेल तर मिरचीची आग वाढते, आणि टॅनिन (लाल वाइनमधला तो जीभ कोरडी करणारा तुरटपणा) भाजलेल्या जिभेवर खरखरीत लागतो. १४ टक्क्यांची, लाकडी पिंपात ठेवलेली शिराझ इंदियालसोबत घेतली की दोन्ही एकमेकांवर ओरडतात. थोडी गोडी मात्र आग शमवते.

म्हणून मुख्य वाइन शेनिन ब्लां (पांढरी). नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन पूर्ण कोरडी (म्हणजे बिनगोड) नसते, किंचित गोड असते, आणि इथे तेच हवंय. त्यांची रीसलिंगही (तीही पांढरीच) चालेल. सुरमईला सोव्हिन्यों ब्लां (कोरडी पांढरी) किंवा ब्रूट स्पार्कलिंग (कोरडी, बुडबुड्यांची). मी स्पार्कलिंगच घेईन, तळणाचा तेलकटपणा बुडबुड्यांनी धुऊन निघतो. माशासोबत लाल वाइन अजिबात नको. तिच्यातला लोहाचा अंश आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात नाणं चघळल्यासारखी चव येते.

हिशेब: ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. दुपारच्या जेवणाला माणशी अडीच ग्लास धरले तर आठ जणांना वीस ग्लास, म्हणजे चार बाटल्या. सुरुवातीची स्पार्कलिंग वेगळी. ९० मिलीप्रमाणे ओतली तर एका बाटलीत आठही जणांचं भागतं.

काळी_द्राक्षं:
बहुतेक पटलं, पण लाल वाइन सरसकट हद्दपार करू नका. खुडीत व्हिनेगर नसतं, भाजलेलं खोबरं आणि मसाला असतो. तिला हलकी लाल छान जाते. फ्रातेल्ली कंपनीची सांजोवेझे (त्याच नावाच्या द्राक्षाची) बघा, सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडची. या द्राक्षात मुळातच आम्लता चांगली असते, म्हणून रश्श्याखाली दबत नाही. चारपैकी तीन शेनिन, एक सांजोवेझे. बाटलीवर ‘रिझर्व्ह’ लिहिलंय म्हणून भुलू नका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा पिंपातला जास्त मुक्काम, आणि या जेवणात लाकडाचा वास नकोच आहे.

घेताना वर्ष बघाच. आपल्याकडे द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे यंदाचं वर्ष छापलेली पांढरी वाइन डिसेंबरात नऊ-दहा महिन्यांची असते, अगदी ऐन भरात. तीन-चार वर्षं जुनी साधी शेनिन स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. ट्यूबलाइटखाली किंवा उन्हात उभी असलेली पारदर्शक काचेची बाटली नको, उजेडाने वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. बूच कडेच्या वर उचललेलं किंवा त्याखाली ओघळ दिसला तर ती बाटली उन्हात तापलेली आहे, परत ठेवा.

बर्फाची_बादली:
निवड चुकली तर थोडं बिघडतं, तापमान चुकलं तर सगळंच. ‘लाल वाइन रूम टेंपरेचरला’ हे थंड देशातल्या खोल्यांबद्दल आहे. वसईत दुपारी खोली २८ अंशांवर असते, त्यात सांजोवेझे औषधासारखी लागते. ती १६ अंशांच्या आसपास हवी, म्हणून आधी तासभर फ्रीजमध्ये ठेवा. शेनिन ८ ते १०, स्पार्कलिंग ६ ते ८, दोन्हीला फ्रीजमध्ये किमान तीन तास.

त्या दिवशी फ्रीजमध्ये जागा नसणार, तिथे केक आणि मटण बसलेलं असतं. मग सरळ बादली घ्या. निम्मा बर्फ, निम्मं पाणी, वर मूठभर जाडं मीठ, बाटली गळ्यापर्यंत बुडवायची. वीस-पंचवीस मिनिटांत पांढरी तयार. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते म्हणून बाटली लवकर गार होत नाही, पाणी लागतंच. आणि फ्रीजरमध्ये स्पार्कलिंग विसरलात तर बाटली फुटते.

ग्लास भांडी घासायच्या साबणाने धुतले असतील तर गरम पाण्याने दोनदा विसळा. साबणाचा पापुद्रा राहिला की बुडबुडे लगेच मरतात आणि लोक वाइनला नावं ठेवतात. ग्लास तिसरा हिस्साच भरा.

फुगेवाली:
शिराझ रद्द! बिबिंकाला काय पण? उरलेली शेनिनच देऊ का? आणि स्पार्कलिंगचं बूच छताला न लावता कसं काढायचं?

बूच_उघडा:
बिबिंकाला शेनिन नको. गोड पदार्थासोबतची वाइन त्या पदार्थाहून गोड हवी, नाहीतर ती एकदम आंबट वाटते. बिबिंकात नारळाचं दूध, अंड्याचे बलक, साखर, तूप, म्हणजे बऱ्यापैकी जड प्रकरण. लेट हार्वेस्ट शेनिन घ्या, द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढवलेली असते. ३७५ मिलीची छोटी बाटली मिळते. माणशी ४५ मिली, थंडगार, पुरे झालं. प्लम केकला पोर्ट चालेल, पण इकडे पोर्ट म्हणून जी मिळते ती बहुतेक नुसती गोड लाल वाइन असते. पोर्तुगालच्या दौरो खोऱ्यातली खरी पोर्ट आंबताना मध्येच द्राक्षाचं स्पिरिट घालून थांबवतात, तिच्यात अल्कोहोल १९ ते २२ टक्के. नावावर जाऊन भरून ग्लास ओतू नका.

बुचाचं: बाटली पूर्ण गार हवी, कोमट बाटलीच उडते. वरची चांदी काढा, अंगठा बुचावर दाबून तारेचा पीळ उलटा सहा वेळा अर्धा-अर्धा फिरवा, जाळी बुचावरून काढायची नाही. वर फडकं टाका, बाटली तिरकी, माणसांपासून दूर धरा. आता बूच घट्ट पकडून बाटली फिरवायची, बूच नाही. बूच स्वतःहून वर येऊ लागलं की उलट थोडं दाबून धरा. ‘फुस्स’ एवढाच आवाज आला पाहिजे.

काळी_द्राक्षं:
उरलेली लाल वाइन इंदियालमध्ये ओतू नका, व्हिनेगर आधीच आहे. झाकण लावून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, पांढरीही तेवढीच. स्पार्कलिंग त्याच दिवशी संपवा.