उ: नील बेटावर बोटीशिवाय प्रवाळ दिसतच नाही?

अंदमानातल्या नील बेटावर (आता शहीद द्वीप) प्रवाळ बघायला बोटच लागते, भरतपूर किनाऱ्यावरून नुसतंच उतरलं तर वाळू आणि मेलेलं प्रवाळ, बाकी काही नाही, असं वर एकाने लिहिलंय ते अर्धंच पटतं. काठाजवळचा भाग तुडवून तुडवून खरंच मेलाय. पण सगळा खेळ वेळेचा आहे. मी कोकणातला, त्यामुळे तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, म्हणजे भरती सव्वाअकराला, दोनपर्यंत पाणी असेलच, म्हणून मी ऐटीत दुपारी दोनला पाण्यात उतरलो. पाणी जेमतेम गुडघाभर! हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा. अंदमानात तो चालत नाही. तिथली भरती सकाळीच येऊन गेली होती. उथळात पोहायला गेलो तर पोट घासणार आणि चालायला गेलो तर जिवंत प्रवाळावर पाय पडणार, म्हणून गुपचूप मागे फिरलो. तरी एक गुडघा सोलवटलाच, आणि ती जखम बरी व्हायला दोन आठवडे लागले.

दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक बघून, भरतीच्या तासभर आधी उतरलो. त्याच जागी पोपटमासे प्रवाळ कुरतडताना चक्क कर्र कर्र आवाज ऐकू आला. जमलं तर अष्टमीच्या आसपास जा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाण्याला ओढ कमी असते. प्रवाळाला त्रास नको म्हणून सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, पाठही भाजत नाही.