जीमेलमध्ये नको ते मेल: ब्लॉक करूनही येतातच, काय करावं?

सांजवेळ:
पत्ता जुना आहे. बँक, विमा, रेल्वेची तिकिटं सगळं त्यावरच, त्यामुळे बदलता येणार नाही. जाहिरातींचे मेल ब्लॉक केले तरी त्याच कंपनीचे पुन्हा येतात. अनसबस्क्राइब दाबलं की पत्ता चालू असल्याचं त्यांना कळतं आणि मेल वाढतात म्हणे, हे खरं का? शिवाय माझ्याच पत्त्यावरून मला मेल येतो की 'तुमचा कॅमेरा हॅक केलाय, बिटकॉइन पाठवा', आणि त्यात माझा एक जुना पासवर्ड लिहिलेला असतो. १५ जीबी जागाही भरत आलीय. डीएनडी लावून काही होईल का? मेल फोनवर बघते, लॅपटॉप आहे.

जुना टपाली:
डीएनडीचं आधी सांगतो. १९०९ वरची नोंदणी फक्त कॉल आणि एसएमएससाठी असते. ईमेलशी तिचा संबंध नाही.

ब्लॉक हे त्या एका पत्त्यापुरतं असतं. कंपनी आज 'ऑफर्स' नावाच्या पत्त्यावरून पाठवते, उद्या 'अपडेट्स'वरून. आणि ब्लॉक केल्याने मेल येणं थांबत नाही, तो स्पॅममध्ये जाऊन पडतो एवढंच.

अनसबस्क्राइबबद्दल: ज्या दुकानाला किंवा ॲपला पत्ता तुम्हीच दिलाय, तिथे बिनधास्त दाबा. जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातींत एका क्लिकची सोय द्यायची आणि दोन दिवसांत नाव काढायचं, असं गुगलने २०२४ मध्ये सक्तीचं केलं. फक्त मेलच्या तळाशी बारीक अक्षरातली लिंक असते ती नको. वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः 'अनसबस्क्राइब' दाखवतं, ते वापरा. त्यातूनही एखादी वेबसाइट उघडली आणि तिने पासवर्ड मागितला, तर तिथूनच परत फिरा.

जो पाठवणारा तुम्हाला माहीतच नाही, त्याच्या मेलमधलं काहीही दाबायचं नाही. तिथे 'रिपोर्ट स्पॅम'. हेच बटण बँकेच्या जाहिरातींवर मात्र वापरू नका. पुढे स्टेटमेंटही स्पॅममध्ये जायला लागतात, आणि स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

माळावरचा:
वरच्याला पुस्ती. अनसबस्क्राइबला दाद न देणाऱ्यांसाठी फिल्टर, म्हणजे येणाऱ्या मेलचं काय करायचं हे जीमेलला आधीच सांगणारा नियम, करा. फोनच्या ॲपमध्ये फिल्टर बनत नाही, लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांची खूण आहे, ती दाबली की फॉर्म उघडतो. 'फ्रॉम'मध्ये पूर्ण पत्ता न टाकता @ नंतरचा भाग, म्हणजे डोमेन, टाका. आधी 'सर्च' दाबून काय काय सापडतं ते बघा, मग 'क्रिएट फिल्टर', 'डिलीट इट', आणि 'ऑल्सो अप्लाय फिल्टर' वर खूण. ही शेवटची खूण राहिली की जुने मेल तसेच राहतात आणि लोकांना वाटतं फिल्टर चालला नाही.

'अनसबस्क्राइब हा शब्द असलेलं सगळं डिलीट' असा फिल्टर बऱ्याच ठिकाणी सुचवतात. तो करू नका. विम्याच्या हप्त्याची आठवण, शाळेची सूचना, यांच्या तळाशीही तो शब्द असतो. करायचाच असेल तर डिलीटऐवजी 'स्किप द इनबॉक्स' आणि एक लेबल, म्हणजे मेल हाताशी राहतो.

जागेसाठी 'प्रमोशन्स' टॅब उघडून वरच्या चौकोनावर टिक करा. त्याने फक्त समोरच्या पानावरचे मेल निवडले जातात, साधारण ५०. वर एक ओळ येते, 'सिलेक्ट ऑल कन्व्हर्सेशन्स', ती दाबल्यावर सगळे येतात. डिलीट केल्यावर ट्रॅश रिकामा करा, नाहीतर जागा लगेच सुटत नाही. आणि १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटो धरून असतात. मेल हलका असतो. बहुतेकदा खरी अडगळ व्हिडिओंची.

शून्यलेखा:
धमकीच्या मेलबद्दल. पैसे पाठवू नका, उत्तरही देऊ नका. 'फ्रॉम'मध्ये कोणाचाही पत्ता घालता येतो, पाकिटाच्या मागे कोणाचंही नाव लिहावं तसं. पासवर्ड बहुधा कुठल्यातरी वेबसाइटच्या फुटलेल्या यादीतून आलाय. तो अजून कुठे वापरात असेल तर तिथे आजच बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

खातरजमा अशी करा: लॅपटॉपवर मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूत 'शो ओरिजिनल'. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनवरून आला का हे तपासणाऱ्या तीन चाचण्यांचे, निकाल दिसतात. डीमार्क 'फेल' असेल तर पत्ता बहुधा बनावट. उलट मात्र धरू नका! तिन्ही 'पास' म्हणजे मेल त्या डोमेनवरून आला इतकंच. एका अक्षराचा फरक असलेलं डोमेन विकत घेऊन भामटाही तिन्ही पास करतो. म्हणून लिंकमधलं डोमेन शेवटाकडून वाचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर जायला सांगितलं होतं, तेव्हा बँकेच्या वेबसाइटचं नाव तसंच संपायला हवं. रिफंडच्या मेलमध्ये 'जीओव्ही डॉट इन' शेवटी नसेल तर तो आयकर खात्याचा नाही.

खात्यात खरंच कोणी शिरलं होतं का तेही बघून टाका: सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' ही दोन पानं. घुसखोर तिथे फॉरवर्डिंग लावून जातो, आणि पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतं.

आणखी एक. एकाएकी तासाभरात शेकडो न्यूजलेटर यायला लागले तर ते सरसकट डिलीट करू नका. त्या गर्दीत बहुधा बँकेचा किंवा खरेदीचा एखादा खरा मेल लपवायचा असतो. आधी तो शोधा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

सांजवेळ:
फॉरवर्डिंग रिकामं आहे, शो ओरिजिनलमध्ये डीमार्क फेल. हुश्श. आता कॅलेंडरमध्येही 'बक्षीस लागलं' अशी आमंत्रणं दिसताहेत, ती कुठून?

जुना टपाली:
तेही मेलमधूनच. 'नो' दाबू नका, नकार त्या माणसाला कळतो. ब्राउझरमध्ये गुगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये 'इव्हेंट सेटिंग्ज', तिथे 'ॲड इन्व्हिटेशन्स'समोर 'ओन्ली इफ द सेंडर इज नोन' निवडा. आधी आलेली आमंत्रणं उघडून 'रिपोर्ट ॲज स्पॅम'.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये आहातच तर 'जनरल'मध्ये 'इमेजेस'समोर 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग' करून ठेवा. मेलमधल्या अदृश्य चित्रावरून तुम्ही तो उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळतं, ते बंद होईल. पान खाली सरकवून 'सेव्ह चेंजेस' दाबायचं राहू देऊ नका.