संच पाडताना व्हेक्टर साठा जपावा
डॉकर कंपोज (अनेक कंटेनर, म्हणजे प्रोग्रामांचे स्वतंत्र डबे, एकत्र चालवणारे साधन) वापरले, की दस्तऐवजांतून उत्तरे शोधणाऱ्या प्रणालीचा सगळा संच एका आज्ञेत उभा राहतो, असे म्हणतात आणि ते मान्य आहे. अडचण पुढे येते. संच पाडणाऱ्या ‘डॉकर कंपोज डाउन’ या आज्ञेला सवयीने ‘-व्ही’ जोडले, की कंटेनरांबरोबर कंपोज फाइलमध्ये जाहीर केलेले व्हॉल्यूमही (माहिती टिकवणाऱ्या साठवणजागा) पुसले जातात आणि तासन्‌तास खपून तयार केलेला व्हेक्टर साठा (दस्तऐवजांच्या अर्थाची आकड्यांतली रूपे) हातचा जातो (अनुभवाचे बोल आहेत). म्हणून साठ्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची प्रत) आधी घेऊन तो त्या व्हॉल्यूमबाहेर ठेवावा. शिवाय मजकुराचे व्हेक्टर बनवणारे एम्बेडिंग मॉडेल ३८४ मितींऐवजी (मिती म्हणजे एका व्हेक्टरमधील आकड्यांची संख्या) ७६८ मितींचे घेतले, तर जुना संग्रह निरुपयोगी ठरतो आणि सर्व दस्तऐवजांची अनुक्रमणिका नव्याने करावी लागते. मिती जुळणारे वेगळे मॉडेल घेतले तरी ही नवी अनुक्रमणिका टळत नाही. उलट तेव्हा त्रुटीचा संदेशही येत नाही, फक्त उत्तरे भरकटतात.